गोठ्यातली दोन गाठोडी

गावात मला 'दातवाली मॅडम' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या गावात पाठीमागे बोललेलं समोर पोचायला फार वेळ लागत नाही. घाटंजीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, गावातच आई-बाबांजवळ राहते आणि लग्न केलेलं नाही. अशा बाईला काही ना काही खूळ असणारच, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. खूळ निघालं ते दात गोळा करण्याचं. माणसांचे नव्हेत, शार्क माशांचे. तेही सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या.

इथे हसायला हरकत नाही, सगळेच हसतात. समुद्र आमच्याकडून कुठल्याही दिशेला गेलं तरी रात्रभराच्या प्रवासावर आहे. आमच्या निम्म्या गावाने तो फक्त टीव्हीत पाहिलाय. आणि मी यवतमाळ जिल्ह्यात बसून शार्कचे दात वेचते म्हणते, तर माझ्या डोक्याची काळजी वाटणं साहजिकच आहे.

आमच्या नाल्याच्या काठावर काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये पांढुरक्या मातीचा एक पट्टा आहे. दिवाळीआधी बायका ती माती खणून आणतात. घमेल्यात रात्रभर भिजवतात, सकाळी जुन्या फडक्यातून गाळतात आणि खाली उतरलेल्या मऊ लोण्यासारख्या गाळाने भिंती पोतारतात. फडक्यात उरलेले खडे मागच्या दारी झटकून टाकायचे. माझ्या आजीने झटकले, तिच्या सासूने झटकले, आई अजून झटकते. आता गावात सिमेंटची घरं झाली, पण आमचं स्वयंपाकघर आणि गोठा अजून मातीचाच आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवाळीत मी मागच्या दारी बसून टाचा घासत होते. आईने नुकतेच खडे झटकलेले, दगड शोधायला कोण उठतो, म्हणून तेच मूठभर घेऊन घासायला लागले. टाचेत काहीतरी रुतलं. काढून पाहिलं तर करंगळीच्या नखाएवढं, तपकिरी, चकचकीत, टोकदार, आणि कडेला करवतीसारखे बारीक दाते. आधी प्लास्टिक वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या भिंगाखाली धरलं. प्लास्टिक नव्हतं, दात होता. नागपूरला भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन.

"तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"शाळेत."

"हा कुठे मिळाला?"

"मागच्या दारी. टाचा घासताना."

"तो शार्कचा दात आहे," त्या म्हणाल्या. "टाचा घासणं आधी थांबवा."

इथे खरोखर समुद्र होता, की समुद्रातले मासे एखाद्या खाडीतून इतक्या आत चढून आले होते, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. माझ्यापुरतं एवढंच खरं की आमच्या घराण्यातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या शार्कचे दात गाळून उकिरड्यावर फेकले आणि वर 'माती फार खडबडीत निघाली' म्हणून नाकं मुरडली. तेव्हापासून आमच्या घरातले खडे झटकणं बंद झालं. मी ते वाळवायची आणि सुट्टीच्या दिवशी ताटात पसरून चिमट्याने दात निवडायची. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुऊन त्यांत साठवायची. बरण्या फडताळात एका ओळीत उभ्या होत्या. शेजारणी आल्या की आई पदराने बरण्यांवरची धूळ पुसायची आणि म्हणायची, "पोरीचं सामान हाय."

बाबांना मात्र या दातांची मजा वाटायची. कापूस आणि तुरीत आयुष्य काढलेला माणूस. ओट्यावर बसून माझा चिमटा चाललेला पाहत राहायचा.

"समुद्र इथंच होता म्हणतं न तू?"

"हो."

"मंग सातबाऱ्यावर आपल्याच वावराले कोरडवाहू काहून लेहलं?"

आणि कोणी आसपास नाही असं पाहून हळूच म्हणायचे, "दुनियाभराचे दात जमवून राह्यली, बापाच्या तोंडात एक नाई."

हे खरं होतं, आणि ते जगात आम्हा तिघांनाच माहीत होतं. बाबांना कवळी होती. वरची, खालची, पूर्ण. मीच त्यांना यवतमाळला नेऊन बसवून आणली होती आणि गावात डोळे तपासायला गेलो होतो असं सांगितलं होतं. बाबा दिसायला देखणे आणि त्याची त्यांना पुरेपूर जाणीव. धाकटा काका सगळ्यांसमोर म्हणायचा, "या वयात भाऊचे दात पाहा, जसे मोती," आणि बाबा छान हसून दाखवायचे. हुरड्याच्या दिवसांत चारचौघांत बसून कणसं चावायचे. जीव जायचा, पण चावायचे. दादालासुद्धा, म्हणजे पुण्याला असणाऱ्या माझ्या भावाला, त्यांनी कळू दिलं नव्हतं.

बाबा गेले ते ऐन कापूस वेचणीत, दुपारी, ओट्यावर बसल्या बसल्या. चहा निवला म्हणून आई कप उचलायला गेली तर ते गेलेले होते. मी तेव्हा नववीला पचनसंस्था शिकवत होते. मुख्याध्यापकांनी दारात येऊन खुणावलं, तेव्हा मी त्यांना हातानेच जरा थांबा म्हटलं आणि लहान आतडं पुरतं शिकवून मग बाहेर गेले. त्याचा राग मला अजून येतो.

त्यांना न्यायच्या आधी मी कवळी काढायला गेले तर आईने माझा हात धरला. "राहू दे. लोकं तोंड पाह्यतीन." म्हणून ती कवळी त्यांच्याबरोबरच गेली.

तिसऱ्या दिवशी पुरुषमंडळी राख सावडायला गेली. आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. हळद लावून कापडात बांधायच्या आणि दहाव्याला नदीवर नेईपर्यंत घराबाहेर टांगून ठेवायच्या. बाबांचं एक जुनं धोतर होतं. दिवाळीत आईने त्यातलं अर्धं मला खडे गाळायला फाडून दिलं होतं, उरलेलं अर्धं आता अस्थींना लागलं. काकाने गाठोडं गोठ्यात आतल्या बाजूच्या आढ्याला टांगलं. बैल आम्ही मागेच विकले होते, गोठा रिकामाच होता. "तिकडं कोनीबी फिरकाचं नाई," काकाने सगळ्या पोट्ट्यांना दटावलं.

पोट्टे म्हणजे दादाची दोन आणि चुलतघरची चार-पाच. गोठा बंद झाला तशी ती घरात मोकाट सुटली. पाचव्या की सहाव्या दिवशी मी आंघोळ करून येते तो फडताळ उघडं, बरण्या उघड्या, दात सगळ्या घरभर, आणि सर्वांत धाकटा एक दात तोंडात घालून चघळतोय. मी त्याच्या तोंडात बोट घालून दात काढला, त्याने भोकाड पसरलं, त्याची आई माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू दात मीच त्याला भरवला. मरणाच्या घरात भांडता येत नाही. मी मुकाट्याने सगळे दात वेचले, सगळ्या बरण्या ओतल्या, शिवाय त्या दिवाळीचे अजून न निवडलेले खडे होते तेही घेतले आणि माझ्या अर्ध्या धोतरात घट्ट गाठ मारली. आता हे ठेवायचं कुठे? पोरं पोचणार नाहीत अशी सगळ्या घरात एकच जागा होती. ज्या गोठ्यात अस्थी टांगल्यात तिथे कोणी पाऊल टाकणार नाही, याची काकाने पुरती व्यवस्था केली होती.

मला स्वतःला आतपर्यंत जायचा धीर झाला नाही. दाराजवळच्या खुंटीला गाठोडं अडकवून मी मागे वळले.

आई त्या दिवसांत झोपत नव्हती. जेवायला बसवलं की घास चिवडायची आणि उठायची. तिची नजर सारखी मागच्या दारातून गोठ्याकडे जायची. "बैलाच्या जागेवर टांगून ठेवलं मानसाले," ती म्हणायची. मी तिला समजावलं की ते बाबा नाहीत, उरलेलं कॅल्शियम फॉस्फेट आहे. हे मी खरंच बोलले, सवयीने. आईने ताट बाजूला सारलं. नंतर म्हणाली, "कधी मोकळे होतीन ते?" दहाव्याचे दिवस ती बोटांवर मोजत होती. एकदा अस्थी नदीत गेल्या की ती जेवेल, झोपेल, असं आम्ही सगळेच एकमेकांना सांगत होतो.

दहाव्याला पहाटेच दादा, काका आणि इतर पुरुष गाडी करून पैनगंगेवर गेले. बायका घाटावर जात नाहीत. आम्ही चुली पेटवल्या. दुपारी गाडी परतली. दादाचं मुंडण झालेलं, तो कोणाशी न बोलता हातपाय धुवायला गेला. आई आत होती, तिच्याभोवती नात्यातल्या बायका होत्या. मी ओट्यावर पुरुषांना चहा द्यायला गेले. काका सगळ्यांना नदीवरचं सांगत होता.

"पिंड ठेवला न ठेवला त कावळा शिवला. काई इच्छा राह्यली नाई भाऊची." त्याचा आवाज भरून आला होता. "आन गाठोडं सोडलं, त दात. भाऊचे दात पाह्यले म्या. एकही जळला नाई. रंग काळा पडला, पन टोकदार, जसे आत्ता घासले. गुरुजीनं हात जोडले. म्हने, असे दात म्या कोनाचे पाह्यले नाई."

ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. एकाने विचारलं, "सारेच हाये का? बत्तीस?"

"मोजले नाई," काका म्हणाला, "पन मले त बत्तीसच्या वरच वाटले."

ट्रे माझ्या हातात होता. मी तो ठेवला, पदराला हात पुसले आणि मागच्या दाराने गोठ्यात गेले. दाराजवळची खुंटी मोकळी होती. पहाटेच्या अंधारात कोणीतरी हाताला आधी लागलं तेच गाठोडं उचललं होतं. आत अंधारात, आढ्याला, काकाने टांगलेलं गाठोडं जसंच्या तसं लटकत होतं.

मी ते काढलं. गाठ हाताला सुटेना म्हणून दातांनी सोडली. आत हळदीने पिवळे पडलेले पांढरे-करडे तुकडे. इतके हलके, इतके थोडे. मी तिथेच शेणाच्या जमिनीवर बसले. माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायला हवं. सगळे दात गेले, हे पहिलं आलं. बाबा इथेच आहेत, हे त्याच्यामागून. हे कळलं तेव्हा मला माझीच भीती वाटली. ती गाठ परत बांधायला मला तीनदा सुरुवात करावी लागली, आणि गाठोडं मी होतं तिथेच टांगलं.

ज्यांच्यासाठी मंत्र म्हटले, ज्यांना फुलं वाहिली, ज्यांना पाहून गुरुजींनी हात जोडले, ते माझे मासे होते. आणि कावळा शिवला होता. कोणाची इच्छा पुरी झाली म्हणून शिवला, देवाला माहीत.

घरात आले तर आई जेवत होती. वरण-भात मागून घेतला म्हणे. मला पाहून म्हणाली, "गेले वं बाई. मोकळे झाले." आणि जेवून जी झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत उठली नाही. मी तिच्या उशाशी बसून राहिले. हिला कसं सांगायचं?

दादाला सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. "कवळी?" तो पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. "बाबांना कवळी होती? मला का नाही सांगितलं?" त्याला अस्थींपेक्षा तेच जास्त लागलं असावं. मग म्हणाला, "तू कोणाला बोलू नकोस. मी परत जाताना एखाद्या पुलावर गाडी थांबवतो आणि सोडतो."

"बाबा काय निर्माल्य आहेत का रे?"

"मग काय करू? पुन्हा दहावा घालू? पुन्हा डोकं भादरू? काकाला काय सांगू, तुम्ही ज्यांना हात जोडले ते माशाचे दात होते? आणि आईला?" त्याने मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि ओठ आवळून रडायला लागला. त्याच्यावर ओरडायचं म्हणून मी जे काही जमवून ठेवलं होतं ते तसंच राहिलं. आईला सांगायचं नाही, एवढं आमचं ठरलं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, दादाही गेला. गाठोडं त्याला मी नेऊ दिलं नाही. रविवारी एकटीने जाऊन करते म्हटलं. पहिल्या रविवारी शाळेचं काम निघालं. दुसऱ्या रविवारी निघालं नाही, तरी मी गेले नाही. आई इतकी सावरली होती. सकाळी अंगण सारवायची, शेजारी जाऊन बसायची, कोणी भेटायला आलं की सांगायची, "नदीनं घेतलं, चांगलं झालं." मी रोज शाळेतून येताना गोठ्यासमोरून मान खाली घालून यायची.

एक दिवस अशीच आले. स्वयंपाकघरातून बरण्यांचा आवाज येत होता.

आईने माझ्या सगळ्या बरण्या धुऊन, पुसून चुलीजवळ ओळीने मांडल्या होत्या. मधे पाट, पाटावर सोडलेलं धोतर. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. ती एकेक तुकडा उचलून बरणीत टाकत होती. एक बरणी भरत आली होती.

"आलीस? तुहे दात काहून गोठ्यात टांगून ठेवले वं? बरण्या रिकाम्या पडल्या, बरं नाई दिसत." ती हातातला तुकडा उजेडाकडे धरून पाहत होती. "पन यंदाचे लई भुसभुशीत निघाले. हातातच चुरा होते."

मी आयुष्यात कधी किंचाळले नाही. तेव्हाही नाही.  दाराची चौकट धरली आणि म्हणाले, "आई, ठेव ते."

"काहून?"

"ते दात नाहीत."

 तिने हातातला तुकडा पुन्हा पाहिला. धोतराला लागलेली हळद पाहिली. बोटांना लागलेली पाहिली. हळूहळू तिचा हात बरणीवरून मागे आला, आणि मी सगळं सांगून टाकलं. काका, खुंटी, पोरांनी उघडलेल्या बरण्या, नदीवर सुटलेलं गाठोडं. फार भरभर बोलले. आई मधे एकदाच बोलली.

"मंग पैनगंगेत काय गेलं?"

"मासे."

 मला वाटलं आता ही कोसळेल, हिची झोप, हिचं जेवण, सगळं गेलं. विटाळाचं तर होतंच. अस्थी घरात आणल्या, चुलीजवळ मांडल्या, बरणीत भरल्या. मी पाणी आणायला वळले तशी ती म्हणाली, "थांब."

तिने भरलेली बरणी मांडीवर घेतली आणि आत हात घालून एकेक तुकडा काढून परत धोतरात ठेवायला लागली. ओतली नाही. घाईही केली नाही. "भायेर ठेवलं होतं साऱ्यायनं मिळून," ती म्हणाली. "आले घरात." मग गाठ बांधता बांधता, "उद्या बाजार हाय घाटंजीचा. आपुन दोघी जाऊ."

"दादाला फोन करते."

"नको करू. तो एकडाव जाऊन आला न."

"बायका जात नाहीत आई."

"मले माहीत हाय जात नाई ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑटोत बसलो. आईने गाठोडं बाजाराच्या थैलीत घातलं होतं आणि थैली मांडीवर घेतली होती. ऑटोत सहा बायका, वांग्याच्या टोपल्या, एक कोंबडी. शेजारच्या बाईने जागा करायला म्हणून आपली कोथिंबिरीची जुडी आईच्या थैलीवर ठेवली. "मावशी, काय नेऊन राह्यली बाजारात?"

"इकाचं नाई," आई म्हणाली. "घरचंच हाय." आणि तिने जुडी उचलून स्वतःच्या दुसऱ्या हातात धरली ती घाटंजी येईपर्यंत.

बाजार मागे टाकून आम्ही नदीकडे उतरलो. घाटंजीची नदी म्हणजे वाघाडी. तिला त्या दिवसांत पाणी बेताचंच असतं, घोट्याच्या वर, मधे गुडघ्यापर्यंत. वरच्या अंगाला काही बायका दगडांवर कपडे आपटत होत्या. ना गुरुजी, ना दर्भ, ना काळे तीळ. मी पदर खोचला आणि थैलीला हात लावला तर आईने ती मागे घेतली. ती स्वतः पाण्यात उतरली, वाकून तळाचा दगड चाचपला आणि त्यावर पाय टेकून उभी राहिली. गाठ सोडून तिने सगळं धोतराच्या खोळीत एका हाताने धरलं. मला वाटलं आता सोडेल.

"हे कायचं होय?" तिने एक तुकडा बोटांत धरून माझ्यापुढे केला.

मला समजलं नाही.

"तुले वळखता येते न. बारक्या बारक्या दातायवरून मासा सांगतं तू. हे तुह्या बापाचं कुठचं होय, सांग."

मला माशांचं थोडंफार कळतं. माणसाच्या हाडांचं पुस्तकातलं, तेही नववीपुरतं. पण ती थांबलेली होती, पाणी तिच्या पायांवरून जात होतं. मी तुकडा हातात घेतला. भोक, कडेला फाटे. "मणका आहे," मी म्हटलं. "पाठीचा."

तिने तो परत घेतला. "कापसाचे गठ्ठे वाहिले याच्यावर," ती म्हणाली आणि तो पाण्यात सोडला. "हे?"

"बहुतेक हाताचं. मनगटाजवळचं."

"उजवा का डावा?"

"ते नाही सांगता येत आई."

"उजवा असन," ती म्हणाली. लग्नात मंडपात गर्दी झाली तेव्हा बाबांनी तिचं मनगट धरलं होतं आणि सुटेचना, असं काहीतरी ती बोलली. माझ्याशी नव्हे. सोडलं. पुढचा तुकडा वाटीसारखा, पातळ. डोक्याच्या कवटीचा आहे, मी म्हटलं. आईने त्यावरून अंगठा फिरवला, जसं पोराच्या कपाळावरून फिरवतात. मग तो सोडला.

असं ती प्रत्येक विचारत गेली. जे मला येत होतं ते मी सांगितलं, जे येत नव्हतं तेही सांगितलं. तिला नाही म्हणवेना. बोटाचं, पायाचं, बरगडीचं. शेवटी जो नुसता चुरा राहिला त्याबद्दल तिने विचारलं नाही. धोतर पाण्यात बुडवून उलटं केलं, हातानेच दोनदा हलवलं, पिळलं. थैली काठावर पडली होती. तिने रिकामं धोतर छातीशी धरलं आणि तशीच पाण्यात उभी राहिली.

आणि मग ती ओरडली. बाबा गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती. ओट्यावर नाही, अंगणात नाही, बायका गळ्यात पडल्या तेव्हाही नाही. माझी आई इतक्या मोठ्याने रडू शकते हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं ती सावरली. ती सावरली नव्हती, तिला कोणी सांगितलं होतं की झालं, म्हणून तिने झालं असं धरलं होतं. मी पाण्यात जाऊन तिला धरलं तर तिने मलाच खाली ओढलं. दोघी गुडघ्यांवर आलो.

कपडे धुणाऱ्या बायका हातातले पिळे टाकून धावत आल्या. एकीने आईला मागून सावरलं, दुसरीने तिच्या तोंडावर पाणी मारलं.

"काय झालं वं माय? कोन गेलं?"

"माहा नवरा," आई म्हणाली.

"कधी?"

आईने मान वर करून त्या बाईकडे पाहिलं. "आत्ता," ती म्हणाली.